हळदीच्या आठव्या बोटाची कात्री

पनवेलजवळ करंजाड्याला एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर कामाचे एक टेबल आहे. त्याच्या खालच्या खणात, सुकलेल्या गोंदाच्या बाटलीशेजारी, मी पडून असते. मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. पाती पोलादाची, मूठ पितळेची. माझी गोष्ट फार अभिमानाची नाही, पण ती सांगितल्याशिवाय मला बरे वाटणार नाही.

माझा जन्म कुठल्या भट्टीत झाला ते मला आठवत नाही. आठवते ते पनवेलच्या बाजारातले दुकान आणि मला उलटसुलट करून पाहणारे मुबारकभाई. ते कुवेतला नोकरी करत आणि सुट्टीवर घरी आले होते. त्यांनी मला आपल्या बायकोसाठी, शमासाठी घेतले. शमा घरी शिवणकाम करायची. वीस वर्षे मी तिच्या हातात होते. शाळेचे गणवेश, सलवारी, उशांचे अभ्रे, ईदचे कुर्ते, असे काय काय मी बेतले. शमा कापड अंथरायची, खडूने रेघ मारायची, मग रेघेवरून एकदा बोट फिरवायची. बोट फिरवल्याशिवाय तिने मला कधी चालवले नाही. शेजारणी म्हणत, शमाची कात्री चुकत नाही. मला ते खरे वाटू लागले होते.

पुढे शमाचे गुडघे आणि डोळे कुरकुर करू लागले आणि शिलाईयंत्रावर चादर पडली. तिची मुलगी नशरा लग्नाच्या पत्रिका आणि सजावट हाताने करून देऊ लागली. तिने मला उचलले तेव्हा शमा म्हणाली, "कापडाची कात्री कागदावर नको चालवू. धार मरते तिची."

"अम्मी, धार लावून आणते ना. नवीन कात्र्या दोन महिन्यांत सैल होतात."

"मग रेघ तरी मारत जा. डोळ्याने अंदाज घेऊन कापतेस, बापासारखी. ते असेच अंदाजाने बिर्याणीत मीठ टाकायचे."

मला धार लावून आणले आणि मी कागदावर चालू लागले. कागद कापडासारखा सळसळत नाही, करकरतो. त्याचीही मला सवय झाली.

यंदा नशराकडे निशाच्या लग्नाचे काम आले. निशा पनवेलच्या कोळीवाड्यातली. लग्न उरणच्या बाजूला, समुद्रकिनाऱ्यावर होणार होते आणि सगळी सजावट किनाऱ्यासारखी हवी होती. वाळूच्या रंगाच्या जाड कागदाच्या पत्रिका, त्यांना ज्यूटचा दोरा, दोऱ्याला एक शिंपला. मंडपात टांगायला निळ्या कागदाच्या लाटा आणि कागदी होड्या. जेवणाच्या टेबलांवर शिंपल्यात खोचलेल्या नावांच्या चिठ्ठ्या.

निशाची आई गंगाबाई हे सगळे बघायला आली. तिने एक कागदी होडी तळहातावर घेतली आणि खूप हसली.

"आमचा जलम गेला वाळू झाडण्यात. अंथरुणात वाळू, भातात वाळू. आन आता पोरीला लग्नात पण वाळूच पायजे."

"आई, याला थीम म्हणतात," निशा म्हणाली.

"म्हणू दे. मासळीचा वास नाय टाकलास म्हणजे झालं."

मग गंगाबाईने कमरेची पिशवी सोडून वहीचा एक लांब कागद काढला. त्यावर निशाच्या अक्षरात नावे होती. गंगाबाईने सांगितले ते मी टेबलावरून ऐकले. त्यांच्या घरात लग्नाचे पहिले आवतण देवाला आणि घरातल्या गेलेल्या माणसांना असते. हळदीच्या दिवशी धवलारीण, म्हणजे लग्नाची गाणी म्हणणारी बाई, त्यांची नावे गाण्यात घेते आणि त्यांना बोलावते. या वेळी गंगाबाईला त्यांच्याही पत्रिका हव्या होत्या. त्या कुणाला द्यायच्या नव्हत्या, देवापुढे ठेवायच्या होत्या. कागदावर पहिली सात नावे गेलेल्यांची होती आणि प्रत्येक नावापुढे हळदीचे एक बोट उमटवले होते. आठव्या नावापासून जिवंत माणसे.

"मध्ये एक रेघ मारून देऊ का, काकी?" नशराने विचारले. "म्हणजे घोळ होणार नाही."

"नको," गंगाबाई म्हणाली. "त्यांच्यात आन आपल्यात रेघ मारायची नाय. हळदीचं बोट बघ. सात हायत. मोजून घे."

आठवे नाव काशिरामचे होते. तो गंगाबाईचा धाकटा भाऊ, निशाचा सख्खा मामा. चार वर्षांपूर्वी त्याने बापाची जुनी होडी बहिणीला न विचारता मोडीत काढली आणि दोघांचे बोलणे बंद झाले. गंगाबाई नाव दाखवत म्हणाली, "ही पत्रिका चांगली कर, पोरी. पत्रिका बघून तरी येईल. मामाशिवाय नवरीला मांडवात आणायचं कुणी?"

दुसऱ्या दिवशी दुपारी नशरा कामाला बसली. गेलेल्यांच्या नावांची पट्टी वेगळी आणि बाकीची यादी वेगळी करायची, मग एकेका गठ्ठ्याच्या पत्रिका लिहायच्या, असा तिचा बेत होता. तेवढ्यात दुसऱ्या कुणाचा तरी फोन आला. तिने फोन खांदा आणि कानाच्या मध्ये दाबला आणि मला उचलले. कागद पिशवीत घडी घालून आला होता. घडीमुळे सातवे हळदीचे बोट खालच्या नावापुढे फिकट उमटले होते. नशराने मोजले नाही. जिथे पिवळे संपते तिथे तिने मला ठेवले आणि मी कापत गेले. सरळ, एका दमात. कागदाचा तो करकर आवाज मला त्या क्षणी फार आवडला होता, हेही सांगून टाकते.

त्या पट्टीवरच्या आठ पत्रिका, गेलेल्यांच्या म्हणून, ज्यूटऐवजी पांढऱ्या दोऱ्याने बांधल्या गेल्या आणि एका वेगळ्या लिफाफ्यात गंगाबाईकडे गेल्या. बाकीच्या पत्रिका निशाच्या भावांनी गावोगाव वाटल्या.

मंगळवारी सकाळी टेबल आवरताना नशराला ती पट्टी सापडली. ती तिने मोजली. मग पुन्हा मोजली. मग खाली बसली.

त्याच वेळी गंगाबाईचा फोन आला. स्पीकर चालू होता.

"नशरा, काशिरामची पत्रिका गेली ना गं? त्याचा फोन नाय का काय नाय."

मला वाटले, आता ही सांगेल. नशराने माझ्याकडे पाहिले, जणू उत्तर माझ्याकडे असावे.

"गेली, काकी. सगळ्या गेल्या."

"मंग बघून पण गप बसला म्हणायचा," गंगाबाई हळूच म्हणाली आणि फोन ठेवला.

नशरा वाईट मुलगी नाही, मित्रांनो. तिने मनाशी ठरवले होते की शुक्रवारी हळदीला सजावट करायला जाऊ तेव्हा लिफाफ्यातून ती पत्रिका हळूच काढून घेऊ, तशीच उरणला काशिरामच्या घरी नेऊन देऊ, कुणाला कळणार नाही. तीन दिवस ती लाटा कापत होती आणि तीन दिवस तिची लाट वाकडी येत होती. शमाने एकदा विचारले, "बेटा, तब्येत बरी आहे ना?" ती म्हणाली, "झोप झाली नाही." मी सगळे जाणत होते आणि मला तोंड नव्हते. तोंड असते तरी मी बोलले असते का, याची मला खात्री नाही. शमाची कात्री चुकत नाही, ही ख्याती मलाही जपायची होती.

शुक्रवारी आम्ही कोळीवाड्यात पोचलो तेव्हा उशीर झाला होता. लिफाफा उघडून पत्रिका देवापुढे मांडलेल्या होत्या. निशा पाटावर बसली होती. गंगाबाईचे दोन्ही हात हळदीने माखले होते. धवलारीण आशालताबाई सूर लावून म्हणाली, "या वक्ताला नावं लिवलेली हायत, तं निशा, तूच वाच. मी गाण्यात घेते."

निशा एकेक पत्रिका उचलून नाव वाचू लागली. आजोबा, आजी, वडील, आत्या. आशालताबाई प्रत्येक नाव गाण्यात गुंफत होती, या बसा मांडवाखाली, पोरीला हळद लावा. निशाने शेवटची पत्रिका उचलली आणि ओघात वाचले, "काशिराम."

मग ती थांबली. पण आशालताबाईचे डोळे मिटलेले होते. तिने ते नाव गाण्यात घेतले आणि गेलेल्यांच्या शेजारी बसवले.

काशिरामची एक भाची फोन घेऊन दाराबाहेर गेली.

गंगाबाई म्हणाली, "सात व्हती. आठवी कुठून आली?" ती खाली बसली. "माझीच जीभ हाय ती. होडीच्या भांडणात मीच बोलली व्हती त्याला, तू मना मेलास म्हणून. आज देवापुढं उभं राह्यलं."

नशरा पुढे आली. तिची पिशवी खांद्याला होती आणि मी पिशवीत.

"काकी, तुमची नाही चूक. कापताना कात्री सरकली."

मी सरकले नव्हते. वीस वर्षांत मी एकदाही सरकले नव्हते. पण त्या क्षणी मला राग आला नाही, लाज वाटली. तिचे खोटे माझ्या नावावर उभे होते.

गंगाबाईने वर पाहिले. "कात्री सरकून नाव लिवते का गं पोरी? आन मंगळवारी तू मना काय सांगितलंस? गेली म्हणालीस."

गंगाबाई उठली. हातही धुतले नाहीत. "चल माझ्यासंगं," एवढेच म्हणाली.

उलव्यावरून उरणला जाईपर्यंत रिक्षात गंगाबाईने आपले पिवळे हात मांडीवर उताणे धरले होते. नशराच्या मांडीवर ती पांढऱ्या दोऱ्याची पत्रिका होती.

काशिराम दारात बसून जाळ्याची फाटलेली बाजू सांधत होता. भाचीचा फोन आधीच पोचला होता. त्याने मान वर केली नाही.

"बाय, मेलेल्या माणसाच्या दारात हळदीच्या हातानं आलीस?"

"हां. उठवायला आली तुला."

"चार वर्सांपूर्वी तोंडानं सांगितलं व्हतंस. मना वाटलं, आता कागदावर पण आलं. पक्कं झालं."

नशरा त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

"मामा, काकींनी तुमचं नाव जिवंत माणसांत पहिलं लिहिलं होतं. पत्रिका चांगली कर म्हणाल्या होत्या. मी फोनवर बोलत कापलं, मोजलं नाही. नंतर कळलं, तरी सांगितलं नाही. त्यांनी विचारलं तेव्हा खोटं बोलले. आज कात्रीवर ढकललं. कात्री सरकली नव्हती."

काशिरामचे हात थांबले. "तुला कळलं कधी?"

"मंगळवारी."

"म्हणजे तीन दिस मी मेलेलाच व्हतो."

"हो, मामा."

त्याने तिच्याकडे पाहिले. मग बहिणीकडे वळला. "ही परकी पोर. तिनं मना तीन दिस मेलेलं ठेवलं. तू मात्र चार वर्स ठेवलंस, बाय."

गंगाबाई वाकली आणि निशाची हळद त्याच्या दोन्ही गालांना लावली. त्याने तोंड फिरवले नाही. म्हणाला, "होडीचं मी विचारायला पायजे व्हतं." आणि त्याच दमात, "गालाला लावलीस ती ठीक, सदऱ्यावर कशाला सांडलीस?"

मग त्याने पत्रिका मागितली. "हा दोरा पांढरा का?"

नशराने सांगितले. त्याने हात पुढे केला, आणि तिने मला पिशवीतून काढून त्याच्या हातात दिले. त्याच्या जाड बोटांना माझी मूठ पुरत नव्हती. त्याने पांढरा दोरा कापून बाजूला टाकला. जाळ्याचा हिरवा धागा घेतला, पत्रिकेभोवती गुंडाळला आणि कोळ्याची घट्ट गाठ मारली. आयुष्यात मी हजारो वेळा मिटले असेन. त्या दोऱ्यावर मिटले तेव्हा मला पहिल्यांदा कळले की मी काय कापते आहे.

रविवारी किनाऱ्यावर लग्न झाले. काशिरामने भाचीला मांडवात आणले. कागदी होड्या वाऱ्यावर हलत होत्या आणि लोक विचारत होते, ही सजावट कुणी केली. नशरा शमाच्या मागे उभी राहिली, पुढे आली नाही; मी तिच्या पिशवीतच होते. जेवायच्या वेळी काशिरामने शिंपल्यातली आपल्या नावाची चिठ्ठी उचलून वाचली आणि शेजारच्याला म्हणाला, "बघ, जिता हाय असं लेखी दिलंय." सगळे हसले. नशरा हसली नाही. मीही नाही.

घरी आल्यावर तिने मला पुसले, या खणात ठेवले आणि खण बंद केला. आता टेबलावर लाल मुठीची नवी कात्री आहे. पण आता नशरा एकही यादी कापण्याआधी लग्नघरच्या माणसांना समोर बसवते आणि नाव न् नाव मोठ्याने वाचते. लोक कंटाळतात. ती वाचत राहते. खणातून मला ती नावे ऐकू येतात.

कधी ती खण उघडते, माझ्याकडे बघते आणि पुन्हा लावते. माझ्या पात्यांच्या खिळ्याशी गंज धरू लागला आहे. तेलाचा एक थेंब पुरेल, पण तो मी मागत नाही. तिला मला हातात घ्यावेसे वाटेल तेव्हा घेईल.

तुमच्याकडे मात्र मागते, मित्रांनो. पत्रिका कितीही सुंदर केली, तरी रुसलेल्या माणसाला तोंडानेच बोलवायला जा. आणि हातून चूक झाली, तर कळेल त्याच घटकेला सांगा. ज्याच्या बाबतीत ती झाली, त्याला तीन दिवससुद्धा फार असतात.