न दाबता गाळलेली आपोंग

आसामातल्या मिसिंग आदिवासींच्या गावात फागुनातल्या लिगांगच्या, म्हणजे पेरणीच्या सणाच्या, बुधवारी घरोघरची आपोंग, भात आंबवून गाळलेलं मद्य, चावडीत येते. मडकी ओळीने मांडतात, आणि ओळ पुरी झाल्याशिवाय कुणी पेला उचलत नाही. ज्याचं मडकं ओळीत, त्याचं घर गावात. एवढा साधा हिशेब. त्या वर्षी पद्मेश्वरी दोलेचं मडकं लखेश्वरने दारातच अडवलं.

लखेश्वर म्हणजे गावबुढ्याचा, गावच्या प्रमुखाचा, धाकटा भाऊ. सणाची व्यवस्था त्याच्याकडे असायची. आवाज मोठा, अक्कल बेताची. त्याने पेलाभर आपोंग काढून उजेडात धरली. रंग काळसर तांबडा, पण पेल्याचा तळ स्वच्छ दिसत होता.

“वहिनी, ही जरा जास्तच नितळ आहे. राखेचा कण नाही हिच्यात. शेत तुमचं नदीने नेलं. भातात कालवायला पेंढ्याची राख आणली कुठून? बाजारातली दारू ओतलीय, झालं.”

“पेंढा मावसबहिणीकडून आणलाय. होडीतून. नावाड्याला विचारा.”

“नावाड्याला काय, एक पेला पाजला की तो कशालाही हो म्हणेल.” मग आवाज उतरवून तो म्हणाला, “आणि नदीच्या बांधावर राहणाऱ्यांनी ओळीत यायचं म्हणजे बघा. आधी घर तर उभं करा.”

म्हणजे पोटात होतं ते ओठावर आलं. नितळपणा हे नुसतं निमित्त. नदीने घर नेल्यावर तीन वर्षं बांधावर ताडपत्रीखाली काढलेली माणसं आता गावात धरायची की नाही, हा खरा प्रश्न होता.

“चल गं, सणासुदीला तमाशा नको,” मागून तिचा नवरा नरेश्वर पुटपुटला. गरीब माणूस. त्याचा सगळा जन्म “नको” म्हणण्यात गेला.

पद्मेश्वरीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिने मडकं तिथेच ठेवलं, तडक बांधावर गेली आणि उरलेला न गाळलेला आंबवलेला भात, बांबूची निमुळती टोपली नि तिवई घेऊन परतली. चावडीच्या मधोमध तिवई रोवली, टोपलीला आतून पानं लावली, राखेने काळा झालेला भात भरला, खाली रिकामं मडकं ठेवलं आणि वरून ओंजळ ओंजळ पाणी सोडलं.

“बघा सगळे. दारू कुठून येते ते मलाही बघायचंय.”

थेंब पडायला लागले. टप. बऱ्याच वेळाने पुन्हा टप. ढोल थांबले. शिजलेलं डुकराचं मांस निवायला लागलं. म्हाताऱ्या मात्र टोपलीभोवती मांडी ठोकून बसल्या. त्यांना घाई नव्हती.

“किती वेळ हे?” लखेश्वर म्हणाला.

“आपोंगला वाटेल तेवढा,” पद्मेश्वरी म्हणाली.

“पोरं तहानलीत.”

“मग पाजा. ओळीचा नियम तुमचाच ना?”

तरणी पोरं फिदीफिदी हसली. लखेश्वरचा तोल गेला. त्याने पळी उचलली आणि टोपलीतला भात वरून दाबला. ज्याने आयुष्यात एकदा तरी आपोंग गाळलीय, तो असं करत नाही.

पद्मेश्वरीने चपळाईने मडकं बाजूला ओढलं आणि त्याच्या हातातला पेला काढून टोपलीखाली धरला. राखेचा गढूळ लोंढा पेल्यात उतरला. तिने तो त्याच्या पुढे केला.

“घ्या भावजी. ही तुमच्या हातची.”

सगळा गाव बघत होता, मागे जायला जागा नव्हती. त्याने घोट घेतला. दातांखाली राख कचकचली, ती चार हातांवर ऐकू आली.

मग गावबुढ्याच्या आईने आपला पेला नव्या मडक्यात बुडवला, दारातल्या मडक्यातलीही चव घेतली. “दोन्ही एकच,” ती म्हणाली. “आणि माझ्या सुनेपेक्षा बरी.”

लखेश्वर अजून तोंड पुसत होता. पद्मेश्वरीने कुणाची परवानगी मागितली नाही. दारातलं मडकं कडेवर घेतलं, ओळीपाशी गेली आणि लखेश्वरच्या घरचं मडकं पायाने वीतभर सरकवलं.

“जागा करा,” ती म्हणाली. “आमचं घर इथं आहे.”