बायडाबाईंचा अडकलेला हात

गावात आलेल्या मठवाल्या महाराजांना काय मिळवायचं होतं ते आधीच सांगून टाकतो: पेठ वडगावच्या रस्त्याला लागून असलेली बायडाबाईंची कोपऱ्याची जागा. मठाला चांगली, मठाखाली गाळे काढायला त्याहून चांगली.

मारुतीच्या देवळापुढं ही गर्दी. महाराज एकेकाला चौरंगाशी बसवत. उजवा हात पडद्याआड, डोळ्यांपुढं लाकडी हात. पडद्यामागं शिष्य सम्राट ‘जपाला’ बसलेला. महाराज लाकडावर मोरपीस फिरवत आणि बघता बघता माणूस म्हणे, "आयला, लाकडात गुदगुल्या हुत्यात की." मग महाराज लाकडावर सुरी उगारत. माणूस ओरडून मागं सरके.

"प्राण ह्यात उतरला. आता हा पेटीत बंद. कुणाला बोललास तर हात वाळंल."

बायडाबाईंचा हात असा पेटीत गेला आणि धार काढताना बोटं वळेनात. म्हैस दुसऱ्या कुणाला पान्हा सोडेना.

"आत्ती, डाक्टरला दाखवूया," सून अनुजा म्हणाली. ती हायस्कुलात विज्ञान शिकवते.

"न्हाय गं. माझा हात अडकलाय."

हात अडकला म्हणजे पैशाची चणचण, असं समजून मुलगा बाळासोनं नोटा पुढं केल्या. बाई रडल्या. पुढचं बोलायची चोरी.

शेवटी हात सुटावा म्हणून त्या गुपचूप मठाच्या नावानं जागेच्या बक्षीसपत्रावर अंगठा देऊन आल्या. तरी पेटी उघडेना. "मठ उभा ऱ्हाऊ दे," महाराज म्हणाले. तेव्हा कुठं त्यांनी घरात तोंड उघडलं.

अनुजा पीठ भरलेला रबरी हातमोजा आणि दोन ब्रश घेऊन देवळापुढं आली. महाराजांचे पहिले भक्त हंबीरराव यांनाच तिनं बसवलं. त्यांचा हात फळीआड, मोजा समोर. दोन्हींवर ब्रश एकदमच फिरू लागले.

"पोरी, पिठात जीव आला की."

तिनं मुद्दाम लय मोडली. आधी मोज्यावर, मग हातावर.

"आता, तात्या?"

"गेला. नुस्तं पीठ."

"डोळ्याला दिसतं आणि कातडीला लागतं ते एकाच वेळी जुळलं, की मेंदू म्हणतो हे आपलंच. ओढ्यात काठीनं चिखल चाचपता, तो लागतो कुठं?"

"काठीच्या टोकाला."

"मग काठी घरी राहिली तर हात वाळतो?"

"कशानं? सून शेळ्या हाकती तिनं."

लोक हसले. तेवढ्यात कुणीतरी महाराजांचा पडदा ओढला. आत सम्राट, मांडीवर दुसरं मोरपीस.

मेंदू फसतो यात लाज नाही; त्याची रीतच तशी आहे. हत्यार, काठी, लाकूड, काहीही तो अंगात सामावून घेतो. म्हणून तर अंगठा टेकवण्याआधी पडद्यामागं डोकावावं, आणि ‘कुणाला बोलू नको’ म्हणणाऱ्याबद्दल सगळ्यांना बोलावं.

आता हिशेब. महाराजांचा एक लाकडी हात गेला, सम्राटचं मोरपीस. बायडाबाईंची बोटं सुटली, पण म्हैस तोवर आटली होती. बक्षीसपत्र रद्द करायचा दावा कोर्टात पडून आहे. दर तारखेला एसटीची वाट बघत त्या त्याच कोपऱ्यावर उभ्या राहतात, तारेच्या कुंपणाबाहेर.