माझ्या पाठीवरचा वड

मित्रांनो, मानवी संस्कृती पाण्यावर उभी आहे आणि पाणी माझ्या आधाराने उभे आहे! हे वाक्य मी बरीच वर्षे तयार करून ठेवले होते. नेमके आज ते तुम्हांला ऐकवायला घेतले, तर एक म्हैस माझ्या उतारावर चढून आली आहे आणि माझ्या कठड्याच्या दगडाला पाठ घासते आहे. तिला संस्कृतीशी काही देणेघेणे नाही. असो. मी एक जुने मातीचे धरण आहे आणि सध्या मी फार रागावलेले आहे. म्हशीवर नव्हे. म्हैस निर्दोष आहे, ते पुढे कळेलच.

बडोद्याहून सावलीकडे निघालात की वाटेत दोन उंच धुराडी दिसतात. ते वीजकेंद्र. त्याला सगळे ‘प्लांट’ म्हणतात. धुराड्यांच्या मागे जी लांबट टेकडी दिसते ती टेकडी नाही, ती मी आहे. कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते, वाफेने चक्र फिरते आणि वीज तयार होते, हे तुम्ही शाळेत शिकलाच असाल. नंतर त्या तापलेल्या वाफेला गार कोण करते, हे कोणी शिकवत नाही, कारण तो प्रश्न परीक्षेत येत नाही. ते काम माझ्या पाण्याचे. महीचे पाणी पंपाने माझ्या तलावात येते आणि तिथून प्लांटच्या पोटात जाते. बडोद्याच्या दांडिया बाजारातले एखादे आजोबा दुपारी जेवून पंख्याखाली आडवे होतात आणि म्हणतात, “वा! काय वारा आहे!” वाऱ्याचे कौतुक होते. माझे नाव निघत नाही. प्लांटला बक्षीस मिळाले तेव्हा वर्तमानपत्रात धुराड्याचा फोटो आला. धुराडे! ज्याचे काम धूर सोडणे एवढेच!

पण राग त्याचाही नाही. एवढ्यातेवढ्यावर रागावले असते तर मी केव्हाच फुटले असते.

मला बांधले तेव्हा माझ्या पोटात काळी चिकणमाती भरली. एक थर घालायचा, पाणी शिंपायचे, रोलर फिरवायचा, मग दुसरा थर. दोन्ही अंगांना मुरूम. पाण्याच्या बाजूला दगड आणि दुसऱ्या बाजूला फक्त गवत. मित्रांनो, ‘फक्त’ या शब्दाखाली रेघ मारा. गवताची मुळे वरच्या वर माती धरून ठेवतात. झाडाची मुळे मात्र पाण्याचा माग काढत पोटात शिरतात, आणि त्यांच्या मागोमाग पाण्यालाही वाट सापडते. मातीचे धरण थोडे पाझरतेच. ते पाणी माझ्या पायथ्याच्या चरात उतरते. ते नितळ असेल तर मी धडधाकट आहे. गढूळ झाले, तर माझ्या पोटातली माती वाहून चालली आहे. आणि पायथ्याला पंपघर आहे, त्यापलीकडे कामगारांची वसाहत आहे.

आता रागाचे कारण. दर वर्षी पर्यावरण दिनाला प्लांटचे मोठे साहेब येतात आणि माझ्या पाठीवर झाड लावतात. खाली मैदान मोकळे पडलेले असते. पण मैदानात फोटो चांगला येत नाही. माझ्यावर उभे राहिले की मागे पाणी, बाजूला धुराडी आणि केसांना वारा मिळतो. साहेब खड्ड्यात रोप ठेवतात, टाळ्या वाजतात, नावाची पाटी लागते. माझ्या अंगात पहार घालून खड्डा खणतात आणि त्याला ‘निसर्गप्रेम’ म्हणतात!

तरी मी इतकी वर्षे टिकले, कारण समारंभात लावलेल्या झाडाला समारंभानंतर कोणी पाणी घालत नाही. या चांगल्या प्रथेवर माझा जीव अवलंबून होता. गुलमोहर गेला, कडुनिंब गेला, बदाम तर पाटीचा रंग वाळायच्या आत गेला. मग एका साहेबांनी वड लावला. आणि तो जगला.

तो जगवला स्नेहलताबाईंनी. त्यांचे यजमान गोविंदराव पंपघरात ऑपरेटर आहेत. माहेरी, बडोद्याच्या नागरवाड्यात, वटपौर्णिमेला हक्काचा वड होता. वसाहतीत आल्यावर कुंडीत फांदी खोचून पूजा करावी लागे. त्यामुळे माझ्यावर वड लागलेला पाहून त्यांना कोण आनंद झाला! रोज संध्याकाळी त्या माझ्या चरातले नितळ पाणी कळशीत भरून वर आणत आणि वडाला घालत. म्हणजे पाणी माझेच आणि पोसले कोणाला, तर माझ्या पोटात हात घालणाऱ्याला! वड दांडगा झाला. ज्येष्ठातल्या पौर्णिमेला वसाहतीतल्या मराठी आणि गुजराती बायका नटूनथटून वर येत, दोरा गुंडाळत फेऱ्या मारत आणि नवऱ्यांना दीर्घायुष्य मागत. नवरे खाली पंपघरात बसलेले असत. मुळे त्यांच्या दिशेनेच चालली होती.

यंदा चर गढूळला.

ते बघितले शर्वरीने. शर्वरी ही गोविंदराव आणि स्नेहलताबाईंची मुलगी. शिकून इंजिनियर झाली आणि माझ्या देखभालीसाठी इथेच लागली. तिने आताच्या साहेबांना वर बोलावले. ती वटपौर्णिमेची सकाळ होती. साहेब वडाच्याच सावलीत खुर्ची टाकून बसले. समोर जांभळांची ताटली.

“साहेब, पाऊस आठवड्यावर आलाय. पाणी उतरवून हे झाड मुळांसकट काढायला हवं.”

“वड? बेन, ए तो पवित्र छे!” साहेबांनी जांभळाची बी माझ्या उतारावर थुंकली. “अने पाटी वांची? ज्यांनी लावला ते आता हेड ऑफिसमध्ये माझे साहेब छे.”

“धरण गेलं तर पाटीही वाहून जाईल.”

“धीरज राखो ने. असं करू, वडाभोवती ओटा बांधू. वर टाइल्स.”

मित्रांनो, माझे पोट पोखरले जात होते आणि हा गृहस्थ त्यावर टाइल्स बसवायला निघाला होता! मी भिंत असते तर अंगावर पडले असते. पण पडता येत नाही, हीच तर माझी नोकरी आहे.

तेवढ्यात पूजेची ताटे घेऊन बायका वर आल्या. दोरा गुंडाळून झाला. झाड काढायचे बोलणे स्नेहलताबाईंच्या कानावर गेले आणि त्या कडाडल्या, “शर्वरी, आजच्या दिवशी कुऱ्हाडीचं नाव काढतेस? स्वतःच्या बापाच्या आयुष्यावर?”

“आई, जरा खाली चल. पंपघरापर्यंत.”

खाली गोविंदराव चराकाठी खुर्ची टाकून बसले होते. “या! उपास तुझा आणि डबा नाही मला. अजब व्रत आहे.”

स्नेहलताबाई हसल्या नाहीत. त्या चराकडे बघत होत्या. वडाला पाणी घालायच्या तेव्हा रोज त्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसायचा. आज त्यांनी ओंजळ भरली, तर हातात चहासारखे पाणी आले आणि बोटांना काळी माती लागली.

“हे कधीपासून?”

“परवापासून. मला वाटलं, कोणी म्हैस घातली असेल.”

“आई,” शर्वरी म्हणाली, “ही धरणाच्या पोटातली माती आहे. वडाची मुळं इथवर आलीत. तू वर ज्यांच्यासाठी दोरा बांधतेस, ते खाली बरोबर इथे बसतात.”

“आणि तुम्ही नुसते बसून राहिलात?” स्नेहलताबाईंनी नवऱ्याला विचारले.

“ड्यूटी आहे.”

“सात जन्म हेच मिळणार आहेत मला!” असे म्हणून त्या तडक वर चढल्या. त्यांनी दोऱ्याचे टोक शोधले आणि उलट्या फेऱ्या मारत तो सोडवायला लागल्या.

शेजारच्या कौमुदीबेन घाबरल्या. “स्नेहलताबेन, ऊंधा फेरा? अपशुकन थाय!”

“तुझा नवरा दुपारच्या पाळीला खालीच असतो ना? मग धर हे टोक.”

कौमुदीबेनांनी टोक धरले. मग बाकीच्यांनी धरले. जरीच्या साड्यांतल्या त्या सगळ्या बायका एका दोऱ्याला लागून उलट्या दिशेने फिरत होत्या, आणि साहेबांच्या तोंडातले जांभूळ तोंडातच राहिले होते. दोरा पुरा सुटल्यावर स्नेहलताबाईंनी वडाला हात जोडले, एक फांदी मागून घेतली आणि साहेबांकडे वळल्या.

“ही फांदी मैदानात लावते. पाटी तिथेच लावू. तुमच्या हस्ते. फोटोसकट.”

“पहेलेथी कहेवाय ने! आधीच सांगायचं!” साहेब खुर्चीवरून उठले. इतक्या वर्षांत मला कळले नव्हते की माझा जीव एका फोटोएवढा स्वस्त आहे.

पाणी उतरले. प्लांटचा वीज बनवणारा एक संच बंद राहिला, दांडिया बाजारातल्या आजोबांनी वीज खात्याला यथेच्छ शिव्या दिल्या. वड काढला तेव्हा मुळांच्या जागी हात कोपरापर्यंत आत जाईल अशी पोकळी निघाली. शर्वरी तिथे उभी राहिली आणि थरावर थर, काळी माती पुन्हा दाबून भरून घेतली. पहिल्या पावसानंतर स्नेहलताबाई चरात वाकल्या, तेव्हा त्यांना पुन्हा आपला चेहरा दिसला.

मग मैदानात समारंभ झाला. फांदीचे आभार मानले, पाटीचे मानले, महिला मंडळाचे मानले. भाषणात धुराड्यांचाही उल्लेख आला. माझा नाही. मी मागे उभे होते, सगळ्या फोटोंत, थोडे अंधुक.

आता तुम्ही म्हणाल, शेवटी धरणाने काहीतरी उपदेश करावा. पाणी वाचवा, निसर्ग जपा वगैरे तुम्ही निबंधात लिहालच, आणि खाली रेघही माराल. मला तेवढे नको. साहेबांनी त्या सकाळी थुंकलेली जांभळाची बी रुजली आहे. तिला दोन पाने फुटली आहेत, आणि कौमुदीबेन तिच्याकडे फार मायेने बघू लागल्या आहेत.

तेव्हा एकच विनंती. माझ्यावर फिरायला या, बसा, जांभळे खा. फक्त बिया खिशात घालून घरी न्या.