नऊचं वर्ष

माणूस किती जगणार हे मला त्याच्या एका उत्तरावरून कळतं, असं मी म्हटलं की आमचे हे म्हणतात, "मग दुकान थाटून बस." थट्टा करायची तर करोत बापडे. बावीस वर्षं मी हेच काम करतेय. आमच्या संस्थेने तीनशे माणसं निवडली आहेत. दरवर्षी त्यांच्या घरी जायचं, वजन, रक्तदाब, झोप, भूक सगळं लिहून घ्यायचं आणि शेवटी एकच प्रश्न विचारायचा: या वर्षी तुम्ही किती सुखात होतात, एक ते दहामध्ये सांगा. एक आजोबा दरवर्षी म्हणायचे, "अकरा लिही, पोरी." शहाण्णव वर्षं जगले ते, आणि शेवटपर्यंत माझ्याशी भांडले.

या उत्तरांवर मोठे डॉक्टर आलेख काढतात आणि कुठेकुठे जाऊन टाळ्या घेतात. मला आलेख लागत नाही. माणूस गेला की त्याच्या फायलीला लाल पट्टी चिकटवून ती खालच्या कप्प्यात ठेवायची, हे काम माझं. आठ-नऊवाल्यांच्या फायली वरच्या कप्प्यात पिवळ्या पडेपर्यंत राहतात. आणि सलग तीन वर्षं दोन सांगणारा चौथं वर्ष क्वचितच पुरं करतो. डॉक्टर म्हणतात, "असं सरसकट नसतं हो बाई." नसेल. पण पट्ट्या मी चिकटवते, ते नाही.

आमचे हे त्या तीनशेंपैकीच एक. चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यातले वीस जण बारा वर्षांपूर्वी घेतले, त्यांत हेही आले. नियम असा की, आपल्या माणसाला आपण प्रश्न विचारायचे नाहीत आणि त्याची फाईलही उघडायची नाही. त्यांच्याकडे धाकटी जाते. धाकटी म्हणजे माझ्या हाताखाली तयार झालेली मुलगी, आता तिचेही केस पिकायला लागलेत. घरात दहा ठिकाणी नाक खुपसणारी मी, पण ती फाईल कधी उघडली नाही. खरं सांगायचं तर गरजच वाटली नाही. वेळेवर गरम जेवण, गोळ्या हातात, शर्टाचं बटण तुटलंय असं एक दिवस झालं नाही. आठच्या खाली कशाला सांगतील?

मागच्या महिन्यात कपाटांना रंग द्यायचा होता. सगळ्या फायली खाली काढताना यांच्या फायलीची नाडी सुटली. बांधता आली असती. मी नाही बांधली.

पहिल्या पानावरच सगळे आकडे एकाखाली एक होते. चार, तीन, चार, चार, तीन, चार, तीन. मग नऊ. मग तीन. आणि शेवटची तीन वर्षं दोन, दोन, दोन.

शेवटचं उत्तर चार महिन्यांपूर्वीचं होतं, म्हणजे चौथं वर्ष सुरू होऊन चार महिने झाले होते. समोर खालचा कप्पा उघडा पडला होता आणि त्यातल्या सगळ्या लाल पट्ट्या माझ्याच हातच्या होत्या.

जरा सावरल्यावर त्या नऊकडे लक्ष गेलं. शेऱ्यात धाकटीचं अक्षर होतं: रोज दोन तास फिरतात. झोप सलग. रक्तदाब उत्तम. मला शिट्टीवर गाणं वाजवून दाखवलं.

शिट्टी? छत्तीस वर्षांच्या संसारात या माणसाला शिट्टी येते हे मला माहीत नव्हतं. मी बोटांवर वर्ष मोजलं. त्या वर्षी माझ्या ताईचं कमरेचं हाड मोडलं होतं आणि मी सात महिने तिच्याकडे होते. रोज दोनदा फोन करून रडायचे, "तुमचे फार हाल होत असतील हो." हे म्हणायचे, "चाललंय."

धाकटीला जिन्यात गाठलं. "त्या वर्षीचा नऊ चुकून पडलाय का गं?"

ती आधी चिडली. "तुम्ही उघडायला नको होती." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "नाही हो. खळखळून हसत होते. स्वतः चहा करून पाजला मला. सोफा ओढून खिडकीपाशी नेला होता." जिना उतरता उतरता ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

माहीत असतं तर काय केलं असतं मी?

त्या दिवसापासून जेवताना, झोपताना मी यांच्याकडेच बघत राहिले. मी बोलले की हे मान हलवत. मी खोलीत आले की पेपर घडी करून ठेवत, जसे कारखान्यात साहेब आल्यावर उठत असतील तसे. जिना चढून आले की हल्ली धाप लागायची, ओठ फिके पडायचे. डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी हृदयाची पट्टी काढली, वयाच्या मानाने ठीक आहे म्हणाले. त्यांना काय कळतंय!

शेवटी मी आठ दिवस ताईकडे जाऊन बघायचं ठरवलं. तिला बरं नाही असं यांना सांगितलं. ताई ठणठणीत होती, उलट मलाच म्हणाली, "राहा की गं इथेच. एवढं घर मला एकटीला खायला उठतं." सात दिवस मी तिथे काढले, फोन मुद्दाम केला नाही. यांनीही केला नाही. आठव्या दिवसाची वाट बघवेना, म्हणून सातव्या दिवशी दुपारीच परत आले.

खालच्या मजल्यावरची नर्सबाई दारात उभी होती. "काय जादू केलीत हो? साहेब जिना धावत चढतात आजकाल. गालांवर रंग आलाय नुसता."

आमच्या मजल्यावर आले आणि ती शिट्टी ऐकू आली. रेडिओवर गाणं चालू होतं आणि त्याच्या वरताण हे शिट्टीवर वाजवत होते, गिरक्या घेत, मजेत. मी बॅग खाली ठेवली. गुडघे दुखायला लागले तरी हलले नाही. आधी इतका संताप आला की दार लाथेने उघडावंसं वाटलं. मग रडू आलं. मग सगळं स्वच्छ दिसलं. मागे फिरायचं, ताईकडून फोन करायचा, ताईचं दुखणं वाढलंय, मला राहावं लागणार. बस, एवढंच. अडुसष्टचे आहेत, आरामात नव्वदी गाठतील. त्यांच्या जिवाला दुसरं कसलंही औषध नको होतं.

आणि मी? मला बावीस वर्षांत कुणी विचारलं नाही, एक ते दहामध्ये सांगा म्हणून. मी सांगितलं असतं, नऊ. हे समोर बसून जेवतात ना, म्हणून नऊ.

मी किल्ली फिरवली. शिट्टी मध्येच तुटली.

आत गेले तोवर रेडिओ बंद झाला होता. सोफा खिडकीपाशी होता, तो हे घाईघाईने जागेवर ढकलत होते. "तू उद्या येणार होतीस ना?"

"आले."

"कशी आहे ताई?" हे सरळ उभे राहिले. "परत जावं लागेल, नाही? बरेच दिवस?"

माझ्या तोंडाकडे इतकं निरखून त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं नसेल. डोळ्यांत आशा होती, लहान मुलाच्या असते तशी. हो म्हणायचं होतं फक्त. जिभेवर होतं माझ्या.

"नाही," मी म्हणाले. "ती ठणठणीत आहे. आता मी कुठ्ठे जात नाही."

"बरं झालं," हे म्हणाले आणि सोफ्याच्या कडेवर टेकले. हात छातीपाशी गेला. बटण लावायला असेल. मी विचारलं नाही.

मला ते जगायला हवे होते, देवाशपथ हवे होते. पण माझ्याशिवाय नको होते.

"चला, हात धुऊन घ्या," मी म्हणाले. "पानं मांडते."

ते लगेच उठले. ते नेहमीच लगेच उठतात.