तीन रात्रींचा कंद

बुधरीनं ओढ्यातली टोपली वर उचलली, आत बघितलं आणि अशी किंचाळली की पलीकडच्या सागावरचे पोपट भर्रकन उडाले.

कमळा तिथंच दगडावर बसून पातेलं घासत होती. ती आपली हसली. "अवो बुधरीबाई, मीच नेला तुमचा कंद. त्या गोट्यावर मिठाची पुडी ठेवली ना बदल्यात! दिसली नाई का?"

बुधरी हसली नाही. ती होती माडिया आदिवासी, मराठी तिला मोडकीतोडकीच यायची. "खाल्ला? कोन खाल्ला?"

"आमच्या आशाबाईनं. शिवरात्रीचा उपास हाये ना त्यायले."

बुधरीनं कमळाच्या नाकासमोर तीन बोटं धरली. "तीन रात पानी. तीन रात कंद पानीत, मग खाते." मग दोन बोटं मिटली. एकच उभं राहिलं. "एक रात झाला. विष हाय."

कमळाच्या हातातलं पातेलं सुटलं आणि ओढ्याबरोबर चालू लागलं. तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

कमळा मूल गावची. सरकारी दवाखान्यात सुईण म्हणून लागून तिला पुरते चार महिनेही झाले नव्हते. आशाबाई चिमूरच्या, बारा वर्षं गावोगाव बाळंतपणं केलेल्या. मागच्या दौऱ्यात कुठलं तरी पाणी बाधलं आणि त्यांना अशी हगवण लागली, की परत आल्या तेव्हा बाई कमी आणि लुगडंच जास्त दिसत होतं. म्हणून या खेपेला चूल कमळानं आपल्या हाती घेतली होती. "बाई, दौऱ्यावर पोट सांभाळलं तर नोकरी सांभाळली," असं ती छाती काढून सांगायची. पाणी उकळूनच प्यायचं. उघड्यावरचं शिवायचं नाही. आणि उपाशीपोटी जंगल तुडवायचं तर मुळीच नाही!

पण नदी ओलांडताना बैलगाडीतला साबुदाणा भिजून त्याचा लगदा झाला होता. आज आशाबाई म्हणाल्या, "पाण्यावर राहीन वं मी." कमळाला ते कसं पटावं? आदल्या संध्याकाळी बुधरीच्या अंगणात लेकरं उकडलेल्या पांढऱ्या चकत्या मिठाशी खाताना तिनं पाहिली होती. सकाळी तशाच चकत्या ओढ्यात, टोपलीत, स्वच्छ धुतल्यासारख्या! कंदमूळ म्हणजे उपासाचं, पोटाला हलकं. तिनं ओंजळभर घेतल्या, चारदा धुतल्या, उकडल्या, वर मीठ-तिखट भुरभुरलं. स्वतः मात्र रात्रीचा भात गरम करून जेवली.

आता ती धावत होती. पायात काटा मोडला तरी थांबली नाही. अहेरीचा डॉक्टर दोन दिवसांच्या वाटेवर. गाडीवान दसरू परवा येणार. आशाबाईंची लेक चिमूरला शाळेत, आईशिवाय तिला कुणी नाही. तिला काय सांगायचं? तुझ्या आईला मी उपासाचं खाऊ घातलं म्हणून?

गावानं उतरायला दिलेल्या झोपडीत आशाबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. ओठ सुजले होते, तोंडातून लाळ गळत होती.

"कमळे, तिखट लय टाकलं काय वं? घसा जळून राह्यला."

किती सोपं होतं! हो म्हटलं की झालं. कुणाला कळलं नसतं. कमळाच्या आत काहीतरी म्हणत होतं, म्हण, म्हण, तिखटच म्हण.

"तिखट नाई, बाई," ती कशीबशी बोलली. "विष हाये. कंद तीन रात भिजवा लागते. मी न विचारता आणला."

आशाबाईंचा आवाज एकदम बाळंतपण करतानाचा, हुकमी झाला. "किती वेळ झाला?"

"तासभर."

"मंग रडून नको राहू. मिठाचं पाणी आण. लोटाभर."

त्या पाणी प्यायल्या, घशात बोटं घालून ओकल्या. पुन्हा प्यायल्या, पुन्हा ओकल्या. तिसऱ्यांदा लोटा त्यांच्या हातून निसटला. मान कलली. शब्द जड झाले, मग नुसतंच गळ्यात घरघरल्यासारखं आलं. कमळानं मनगट धरलं. नाडी मोजायला ती शिकली होती, पण आकडे पाण्यातल्या माशांसारखे सुळकन निसटत होते. तेरा, चौदा... चौदा? नाडी थांबली का? नाही, तिचंच मोजणं चुकलं होतं.

बुधरी विषाला उतारा म्हणून चिंचेचा कोळ घेऊन आली. तिनं आशाबाईंचा जबडा दाबला आणि थेंब थेंब आत सोडला. सोडता सोडता माडियात अशी काही बोलली, की एक शब्द न कळताही कमळाला सगळं कळलं. शेवटचं मात्र मराठीत होतं. "हात धुते. पानी उकळते. मग विचारत काऊन नाई? तोंड नाई तुले?"

तोंड होतं, पण कमळाला वाटलं होतं, आपल्यालाच सगळं माहीत आहे.

ऊन झोपडीच्या एका कुडावरून दुसऱ्यावर गेलं. आशाबाईंच्या छातीवर कमळाची नजर खिळली होती. वर आली. खाली गेली. आता येईल का वर? आली.

तिसऱ्या प्रहरी आशाबाईंनी डोळे उघडले. "पाणी," त्या पुटपुटल्या.

बुधरीनं तांदळाची पातळ पेज पुढे केली. आशाबाईंनी तोंड फिरवलं. "धान्य नको. उपास हाये."

आणि कमळाचा बांधच फुटला. ज्या बाईसमोर ती कधी वर मान करून बोलली नव्हती, तिच्यावर ती ओरडली. "महादेवानं विष पचवलं, तो देव होता! तुमी चिमूरच्या आशाबाई आहा! त्याच्याशी बरोबरी नका करू, पेज प्या!"

आशाबाईंच्या सुजलेल्या ओठांचा एक कोपरा हलला. "लय बोलाले लागली वं," म्हणाल्या, आणि त्यांनी तोंड उघडलं.

एक घोट. दोन घोट. बाहेर कुणाची तरी कोंबडी कुरकुरत होती. पेज आत राहिली. आणखी चार घोट गेले, तेही राहिले. बुधरीनं आशाबाईंच्या पोटाला हात लावला आणि मान डोलावली.

तेव्हा कुठे कमळाला कापरं भरलं. इतका वेळ जणू कुणी तिच्या आत भीती कोंडून ठेवली होती, ती आता दार मोडून बाहेर आली. तिनं भिंत धरली, भिंतही हलतेय असं तिला वाटलं.

"ये इकडं," आशाबाई म्हणाल्या. कमळा त्यांच्या कुशीशी जाऊन पडली, लेकरासारखी, आणि त्यांचा अशक्त हात तिच्या पाठीवर फिरत राहिला.