कुंपणाबाहेरची रेवा डेल

अमेरिकेत केंटकीच्या डोंगरातल्या एका चर्चची मंडळी मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी दफनभूमीत जमतात. थडग्यांवरचं गवत काढायचं, फुलं ठेवायची, झाडाखालच्या लांब टेबलांवर जेवायचं आणि गेलेल्यांपैकी एकाबद्दल कुणीतरी चार शब्द बोलायचे. यंदा ते काम व्हर्लन गेव्हडनकडे होतं. आता व्हर्लन आणि चार शब्द! हा बाबा बोलायला उभा राहिला की ताटातली कोंबडी गार होते. वय ब्याऐंशी. उमेदीत स्टील गिटार वाजवायचा, आणि गेली तीस वर्षं दर शनिवारी सकाळी गावच्या रेडिओवर कंट्री संगीतातल्या जुन्या गायकांच्या कहाण्या सांगत आला होता. कोण खाणीतून थेट स्टेजवर आला, कुणाची तीन लग्नं मोडली, कोण शेवटी ट्रक चालवता चालवता गेला, सगळं तोंडपाठ.

यंदाची आठवण होती रेवा डेल स्टॅम्परची. ती याच खोऱ्यातली. चर्चमध्ये गाता गाता रेडिओवर पोचली, दोन रेकॉर्डी निघाल्या, त्यातली एक बऱ्यापैकी गाजली. व्हर्लन चार वर्षं तिच्या बँडमध्ये होता. तिचा किस्सा त्याने इतक्यांदा सांगितला होता की ऐकणारेच पुढचं वाक्य सांगायचे. अडुसष्ट साली थेट प्रसारण चालू असताना रेवा टुन्न होऊन स्टेजवर आली, गाणं काही धरता येईना, वायरीत पाय अडकून सपशेल आडवी झाली, आणि पडल्या पडल्या माइकला म्हणाली, आता तूच म्हण बाबा. हे शेवटचं व्हर्लनच्या पदरचं. हशा हमखास.

इतकी वर्षं तो तिच्या थडग्याकडे फिरकलाच नव्हता; यंदा सकाळी फुलं ठेवायला गेला तर ते काही सापडेना. तेव्हा रेवाची भाची लुरीन त्याला फाटकातून बाहेर घेऊन गेली. कुंपणापलीकडे, ब्लॅकबेरीच्या काट्यांत, एक गुडघ्याएवढा दगड होता. ही सगळी जमीन चर्चला दिली ती लुरीनच्या आईने, म्हणजे रेवाच्या थोरल्या बहिणीने, ओटीने. अकरा वर्षांपूर्वी रेवा गेली तेव्हा ओटीने बजावलं होतं, की जिने सगळ्या मुलखासमोर दारू पिऊन घराचं नाक कापलं, ती आईबापांच्या शेजारी झोपणार नाही. आता ओटी एक्क्याण्णव वर्षांची होती. तिने शब्द फिरवला तरच रेवा आत येणार, आणि तिच्यापुढे तोंड उघडायची कुणाची छाती नव्हती. हे सगळं लुरीनने सहज सांगितलं. व्हर्लनच्या हातातली फुलं हातातच राहिली.

कारण रेवाने त्या दिवशी थेंबसुद्धा घेतला नव्हता. प्यायला होता तो.

रेवा गाण्याआधी पाठीमागे हात नेऊन बँडला बोटं दाखवायची. दोन बोटं खाली, म्हणजे तिची नेहमीची पट्टी. दोन बोटं वर, म्हणजे चांगलीच चढी पट्टी. तिने खाली दाखवली. व्हर्लनच्या डोळ्यांपुढे धुकं, त्याला ती वर दिसली. सुरुवातीचा तुकडा त्याचाच असायचा. त्याने जी पट्टी धरली ती सगळ्या बँडने उचलली, आणि हजारो घरांत रेडिओ चालू असताना रेवाचा आवाज फाटला. तिने दोनदा प्रयत्न केला. मग त्याला खुणवायला गर्रकन मागे वळली आणि वायरीत अडकून पडली.

रेवाला आत नेल्यावर रेडिओच्या मॅनेजरने गिटारच्या पेटीमागची बाटली उचलली आणि कुणाची म्हणून विचारलं. व्हर्लन म्हणाला, रेवाची.

घरी बायको पोटुशी, दोन लेकरं, नोकरी जाईल, असलं सगळं त्याने तेव्हा मनाशी घोकलं. महिन्याभरात निवळेल असंही वाटलं. कसलं निवळतंय! रेवाला पुन्हा कुणी उभं केलं नाही. सव्वीस वर्षं ती शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना घेवडा वाढत राहिली. त्या शाळेवरून जाताना व्हर्लन मान दुसरीकडे वळवायचा. आणि शनिवारी रेडिओवर तिला पुन्हा पुन्हा आडवी पाडायचा.

जेवणं झाली. पास्टरने त्याचं नाव घेतलं. पहिल्याच खुर्चीत ओटी बसली होती, मांडीवर ताट, त्यातलं काही खाल्लेलं नाही. मागून कुणीतरी पडण्याचा किस्सा सांग म्हणालं, आणि किस्सा यायच्या आधीच लोक हसायला लागले. तोच पुन्हा सांगितला असता तर अर्ध्या तासात तो आपल्या गाडीत असता. जीभ तिकडेच वळत होती.

"त्या दिवशी प्यायलो होतो मी," व्हर्लन म्हणाला.

लोक हसले. त्यांना वाटलं, नवीन काही जोडलंय. मग त्याने बोटांचं सांगितलं, पट्टीचं सांगितलं, बाटलीचं सांगितलं. हसू एकेका टेबलावरून विरत गेलं. पास्टर स्वतःच्या बुटांकडे बघत बसला.

ओटीला मात्र काहीच ऐकू आलं नव्हतं. तिने हाताने त्याला जवळ बोलावलं आणि काय म्हणालास ते परत सांग म्हणाली. मग व्हर्लन तिच्या कानाशी वाकला आणि तेच सगळं पहिल्यापासून ओरडून सांगितलं. सगळ्या माणसांत. प्यायलो मी होतो. बाटली माझी होती. खोटं मी बोललो. तिसऱ्या वाक्याला त्याचा आवाज चिरकला.



"ती तीनदा आली होती माझ्या दारात," ओटी म्हणाली. "म्हणायची, ओटी, मी प्यायले नव्हते गं. मी म्हटलं, मग व्हर्लन खोटं कशाला बोलेल? तो तर चर्चमधला मुलगा."

व्हर्लनने माफ कर म्हणायला तोंड उघडलं, पण माफी जिची मागायची ती इथे नव्हतीच.

ओटीने ताट लुरीनच्या हातात दिलं आणि मला रेवाकडे ने म्हणाली. लुरीन ताट ठेवायला वळली. म्हातारी खुर्चीचे हात धरून उठायला धडपडत होती, म्हणून व्हर्लनने हात पुढे केला.

"तू नको," ओटी म्हणाली.

मायलेकी फाटकाबाहेर काट्यांपर्यंत पोचल्या, तरी तो तिथेच उभा होता.