भरावाखालचा रूळ

मित्रांनो, ओढ्यावरच्या या खिंडारात आडवा पडलेला, निम्मा मातीत बुडालेला काळा दगड तुम्हाला दिसतो ना, तो मी. मी रस्ता दाबणारा जुना रूळ आहे. दगडाच्या आठवणींवर किती विश्वास ठेवावा, हे माझं मलाच नीट कळत नाही. मला बोलायची सवयही नाही. पण आज संध्याकाळपर्यंत मी पुरता झाकला जाईन, म्हणून जमेल तसं सांगतो.

निजामाची राजवट होती आणि दूर कुठंतरी मोठी लढाई चालू होती, तेव्हा एका पाथरवटानं मला घडवलं. छिन्नीचे घाव सोसताना मला वाटे, आपण एखाद्या देवळाचा खांब होणार. त्यानं मात्र मला गोल केलं, दोन्ही टोकांना लोखंडी दांडे बसवले आणि मुरुम गावाहून वाडीकडं निघालेल्या रस्त्याच्या कामावर धाडलं. खरं सांगायचं तर मी हिरमुसलो होतो.

वाडी ओढ्याच्या पलीकडं, काळ्या जमिनीत. पावसाळ्यात बैलगाडीची चाकं आसापर्यंत रुतायची. वाडीतल्या इरम्माची थोरली लेक बाळंतपणात अडली, तेव्हा तिला मुरुमच्या दवाखान्यात न्यायला गाडी निघाली आणि चिखलात फसली. त्या फसलेल्या गाडीतच ती गेली. पुढं रस्त्याचं काम निघालं, तशी इरम्मा पहिल्या दिवसापासून खडी फोडायला आली. धाकटी चन्नम्मा तेव्हा नुकतीच सासरी गेली होती. तिच्यावर तशी वेळ येऊ नये, एवढ्यासाठीच इरम्माचा हातोडा चालत होता.

सकाळी बैल जुंपण्याआधी ती माझ्या अंगावर विभूतीची तीन बोटं ओढायची. बैल हाकणारा हरिबा तिला चिडवी.

"इरम्मा, आता ह्या धोंड्याला निवद बी दाखवा की."

"देव देवळात बसून असतोय," ती म्हणाली. "ह्यो चालतोय तरी."

त्या दिवशी मी फार हलका होऊन फिरलो, असं मला वाटतं. हरिबा म्हणेल की बैलांना रोजच्याइतकाच घाम आला होता. तो म्हणतो तेच खरं असेल.

ओढ्यावर भराव घातला, खालून पाणी जायला मोरी बांधली, आणि एके दिवशी वाडीत मोटार आली. पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून कोळशाच्या वायूवर चालवायला तिच्या पाठीला भट्टी जोडलेली होती. चढावर ती धापा टाकायची, मग माणसं खाली उतरून हसत हसत तिला ढकलायची. ड्रायव्हर मदारसाब मुरुमचाच. इरम्मानं त्याला एकच विचारलं, माझ्या लेकीची वेळ आली तर थांबशील का? तो म्हणाला, "अम्मा, तुमी फकस्त निरोप धाडा. भट्टी इझू देत न्हाय म्या." मला भरावाच्या कडेला लिंबाखाली ठेवून दिलं होतं. येता-जाता माणसं माझ्यावर टेकत, रस्ता चांगला दाबलाय म्हणत. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग अठ्ठेचाळीस साल आलं. हत्यारबंद टोळ्या लॉऱ्यांत बसून गावांवर चालून येऊ लागल्या. जिथं चांगला रस्ता होता तिथं त्या आधी पोहोचत. शेजारच्या गावातला धूर वाडीतून दिसला, त्या दिवशी सगळी माणसं माझ्याभोवती गोळा झाली. वाडीचे पाटील रेवणप्पा म्हणाले की भराव फोडल्याशिवाय गाव वाचत नाही. माना हलल्या आणि मग सगळे इरम्माकडं बघू लागले. चन्नम्मा माहेरी बाळंतपणाला आली होती.

"इरम्मा, तू बोल," रेवणप्पा म्हणाले. "तुझ्या लेकीचे दिवस भरल्यात. तू न्हाय म्हणलीस तर दुसरं बघू."

दुसरं काही नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि तिलाही.

"माझ्या एका लेकीपायी गावच्या लेकी उघड्यावर टाकू व्हय?" ती म्हणाली. "फोडा."

आपण फोडलेली खडी तिनं त्या दिवशी स्वतःच्या हातांनी उकरून काढली. शेवटी माणसांनी खांदे लावून मला त्या खिंडारात ढकललं. लॉऱ्या आल्या, काठावर थांबल्या आणि परत फिरल्या. वाडी वाचली. मित्रांनो, ही गोष्ट इथं संपली असती तर किती बरं झालं असतं.

पावसानं ओढा भरला आणि खिंडार रुंदावत गेलं. चन्नम्माला कळा सुरू झाल्या, पण बाळ आडवं होतं. सुईणीनं हात टेकले आणि दवाखान्यात न्या म्हणाली. मदारसाब निरोपासरशी आला आणि पलीकडच्या काठाला भट्टी पेटती ठेवून उभा राहिला. माणसांनी चन्नम्माला बाजेवर घेतलं आणि कमरेएवढ्या पाण्यात उतरले. मधोमध पाय निसटू लागले, तेव्हा त्यांनी बाज क्षणभर माझ्या पाठीवर टेकवली.

"अव्वा, मोटार दिसती का?" चन्नम्मानं बाजेला धरून चालणाऱ्या आईला विचारलं.

"दिसती की. दार उघडून उभी हाय."

मदारसाब पलीकडून पाण्यात शिरला आणि त्यानं बाजेचा एक खूर धरला. चढ निसरडा होता. दोनदा बाज वर गेली आणि दोनदा खाली आली. तिसऱ्यांदा ती काठावर पोहोचली, तेव्हा चन्नम्मा बोलत नव्हती. मोटारीची भट्टी मात्र धडधडत होती. ती कुणीतरी विझवली. मग चन्नम्माला परत घरी न्यायचं होतं, आणि त्यालाही वाट हीच होती.

पुढं राजवट बदलली. वाडीत झेंडा लागला, गूळ वाटला गेला. खिंडार तसंच राहिलं. अर्ज गेले, माणसं येऊन बघून गेली. मोटार पलीकडच्या काठावरूनच मागं फिरे. मी गाळात पडून होतो. मग एक दिवस इरम्मा दगडांची पाटी घेऊन एकटीच आली आणि माझ्याशेजारी ओतून गेली. दुसऱ्या दिवशीही आली. रेवणप्पांनी तिला समजावलं की हे काम सरकारचं आहे, आज ना उद्या होईल.

"गावात तीन सुनांना दिवस हायती," ती म्हणाली. "सरकार येस्तवर थांबा म्हणून सांगू त्यास्नी?"

दुसऱ्या दिवशी रेवणप्पा स्वतः पाटी घेऊन आले. मग सारी वाडी आली.

आज माणसं मला वर काढायला दोर घेऊन आली होती. इरम्मानं त्यांना थांबवलं. पाण्यानं पुन्हा उकरलं तर खाली जड काहीतरी पाहिजे, म्हणाली. मलाही तेच बरं वाटलं. वर राहून तरी मी काय करणार?

मित्रांनो, रस्ता एकदा झाला म्हणजे झाला, असं समजू नका. पावसाळा सरला की भरावाच्या कडा बघत जा. एखादा दगड निसटलेला दिसला तर तो तेव्हाच बसवा. मोरीत काटक्या अडकू देऊ नका. माझ्यावरून मोटार गेलेली मला दिसणार नाही, पण तिचा भार कळेल. तिच्यात एखादी चन्नम्मा असेल, तिला मध्ये कुठं उतरावं लागू नये, इतकंच माझं मागणं आहे.

इरम्मा पाटी घेऊन येते आहे. जरा बाजूला व्हा, तिला वाट द्या.